आधी पक्कं, मग नवं

मुलांमध्ये सर्जनशीलता यावी असं वाटत असेल तर पाढे, पाठांतर, शुद्धलेखन आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणं वर्गातून हद्दपार केलं पाहिजे, असं मी बरीच वर्षं मानत होतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी हे ठासून मांडायचो आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांच्या गळी उतरवायचो. आज मी तसं म्हणत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या डोंगरात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरीचा मोठा काळ काढल्यावर माझं मत पार बदललं आहे. ते उघडपणे सांगावंसं वाटतं, कारण मी जे सांगायचो तेच आज आधुनिक शिक्षणाचं सार म्हणून जागोजागी सांगितलं जातं. त्याचा भार ज्या मुलांवर पडतो ती मुलं माझ्या वर्गात बसतात.

ते जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. माझ्या पिढीने छडीच्या धाकाने पाढे म्हटले. कवितेचा अर्थ कोणी सांगितला नाही, पण ती चालीसकट घोटून घेतली. त्या शाळेबद्दलचा राग मनात घेऊनच मी डी.एड.ला गेलो. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची ओळख झाली. १९४५ मध्ये बोर्डीत त्यांनी सुरू केलेलं आदिवासी बालशिक्षणाचं काम, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलेली ती शाळा, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरवलेली कुरणशाळा हे सगळं वाचून शिक्षक झाल्याचं सार्थक वाटलं. नोकरीत आल्यावर ज्ञानरचनावाद आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन जे घडवलं ते पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला आणि गावोगावी शाळांच्या फरशा रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या. मीही मनापासून रंगवल्या. मूल स्वतः ज्ञान रचतं यावर माझा तेव्हा विश्वास होता आणि आजही आहे. त्याला ते रचायला हाताशी काय लागतं, हा प्रश्न मात्र मी तेव्हा विचारत नव्हतो.

वर्गात व्हायचं ते असं. चौथीच्या मुलांना मी सांगायचो, कल्पना करा आणि लिहा: मी पक्षी झालो तर. रंगीत कागद, खडू, चित्रं, गटात बसायची मोकळीक, सगळं द्यायचो. येणारी वाक्यं ठरलेली असायची. मी पक्षी झालो तर आकाशात उडेन. मी फळे खाईन. मी झाडावर बसेन. मला खूप मजा येईल. एका वहीतली वाक्यं दुसऱ्या वहीत, दुसरीतली तिसरीत. आम्ही शिक्षक आपसात म्हणायचो, घरी वातावरण नाही, अनुभवविश्व तोकडं आहे. हे म्हणणं फार सोयीचं पडायचं. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. लोकसंख्येत आदिवासी समाज ६९ टक्के. आकडेच असे आहेत म्हटल्यावर मुलांकडून आणखी काय अपेक्षा धरायची, असा तो सूर असायचा.

तो सूर बदलायला सुरुवात झाली होळीच्या दिवसांत. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी पाहायला आता लांबून माणसं येतात. मोरपिसांचे उंच टोप, अंगावर काढलेली नक्षी, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे बांधून रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. त्या रात्रीच्या आधी पाड्यापाड्यांवर कितीतरी संध्याकाळी ढोल घुमत असतात, ते बाहेरच्यांना दिसत नाही. अशाच एका संध्याकाळी मी पाड्यावर होतो. वर्गात खाली मान घालून बसणारा एक मुलगा एका म्हाताऱ्या ढोलवाल्यासमोर उभा होता. म्हाताऱ्याने एक तुकडा वाजवला. मुलाने वाजवला. चुकला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं, टिपरीचा कोन बदलला आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला. मुलाने पुन्हा वाजवला. हे अंधार पडेपर्यंत चाललं. शाबासकी नाही, रागावणं नाही, गंमत म्हणून काही वेगळं करून पाहणं तर अजिबात नाही. तुकडा एकच, आणि तो हातात बसेपर्यंत दुसरा नाही. वर्गात मी असं काही केलं असतं तर मीच त्याला घोकंपट्टी म्हटलं असतं.

होळीच्या रात्री तोच मुलगा मोठ्यांच्या रांगेत ढोल वाजवत होता. एका वळणावर त्याने त्या तुकड्यात स्वतःचं काहीतरी घातलं. दोन ठोके आधी उचलले आणि सम गाठताना ते भरून काढले. म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या आवर्तनात तीच लकेब स्वतः उचलली. त्यावर नाचणाऱ्यांचे पाय पडले. सर्जनशीलता म्हणून मी प्रशिक्षणांत जे काही सांगत आलो होतो ते माझ्यासमोर घडत होतं आणि ते शेकडो वेळा केलेल्या सरावातून आलेलं होतं.

त्या सरावात आणि माझ्या लहानपणीच्या घोकण्यात फरक होता, हेही हळूहळू लक्षात आलं. मुलाला त्या तुकड्याचा अर्थ माहीत होता. तो कशासाठी वाजतो, त्यावर कोण नाचतं, हे त्याने पाळण्यात असल्यापासून पाहिलं होतं. चूक झाली की त्याच क्षणी दुरुस्ती होत होती आणि ती करणारा स्वतः उत्तम वाजवणारा होता. शिकून झालेलं वाजवायला त्याला खरीखुरी रात्र मिळणार होती. अर्थ, दुरुस्ती आणि उपयोग यांची जोड असेल तर सराव मुलाला बळ देतो. ती जोड तोडली की त्याची घोकंपट्टी होते. मी मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजून सरावच काढून टाकला होता.

गणितातही हेच दिसलं. धडगावच्या आठवडे बाजारात माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर आमचूर विकायला बसलेली दिसली. धडगावच्या डोंगरात आंब्याच्या दिवसांत घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून दगडांवर वाळवतात. तिचा भाव होता किलोला २४० रुपये. एका गिऱ्हाईकाने पाऊण किलो घेतलं आणि पाचशेची नोट दिली. मुलीने अर्ध्याचे १२०, पावाचे ६०, मिळून १८० असं मनात केलं. मग आधी २० रुपये ठेवले, ‘दोनशे झाले’ म्हणाली, वर तीनशे ठेवले. ३२० रुपये, क्षणभरात, बिनचूक. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला तीच वजाबाकी उभ्या मांडणीत दिली. ५०० वजा १८०. तिने उत्तर लिहिलं ४८०. शून्यातून शून्य गेलं, शून्य. आठातून शून्य गेलं, आठ. पाचातून एक गेला, चार. प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान वजा केला होता. बाजारात जिला एका रुपयालाही कोणी फसवू शकत नाही, तिने कागदावर १६० रुपये जास्त परत केले होते.

ही गोष्ट फक्त आमच्या डोंगरातली नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबत १९८० च्या दशकात संशोधकांनी हेच नोंदवलं होतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडखळत होती. बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावर बरी होती, पण बाजारातल्या हिशेबात ढेपाळत होती. एका ठिकाणचं शहाणपण दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही.

माझी जुनी श्रद्धा नेमकी या ‘आपोआप’वर उभी होती. वातावरण दिलं, साहित्य दिलं, मोकळीक दिली की मूल आपलं आपण जोडून घेईल, असं मी धरून चाललो होतो. त्या मुलीसाठी मी फळ्यावर आडवी रेष काढली. १८० पासून २०० पर्यंत एक उडी, २०० पासून ५०० पर्यंत दुसरी. ‘बाजारात तू हेच केलंस ना?’ ती हसली. मग तीच वजाबाकी शतक सुटं करून, हातचा घेऊन शेजारी मांडली. दोन्ही उत्तरं जुळली तेव्हा तिने माझ्या हातातून खडू घेतला. पण समजलं म्हणजे झालं नाही. त्यानंतर रोज थोडी थोडी अशी उदाहरणं सोडवून घेतली, हातचा घ्यायला विचार करावा लागणार नाही इथपर्यंत. पुढे तीच मुलगी दुकानाचे हिशेब रचून दुसऱ्यांना घालू लागली आणि मुद्दाम फसवी उदाहरणं तयार करू लागली. हात मोकळा झाल्यावर डोकं खेळायला लागलं.

भाषेचं कोडं यापेक्षा अवघड होतं आणि ते सुटायला मला स्वतःला विद्यार्थी व्हावं लागलं. मी खानदेशातल्या सपाटीवरचा, घरी अहिराणी बोलणारा. माझी मुलं पावरी आणि भिलोरी बोलणारी. शेजारच्या अक्कलकुव्यात देहवाली, नवापूरकडे मावची आणि गावित. एका जिल्ह्यात इतक्या भाषा. पुस्तक मात्र सगळीकडे एकच, प्रमाण मराठीतलं. पावरीतले कामापुरते शब्द मला येत होते: बस, ऊठ, पाणी, वही. तेवढ्यावर माझं भागत होतं. मुलांचं भागत नव्हतं हे मला दिसत नव्हतं.

मग मी ठरवून पावरी शिकायला बसलो. मुलंच गुरू झाली. ती उच्चार सुधारायची आणि नीट येईपर्यंत सोडायची नाहीत. एकेक वाक्य माझ्याकडून वदवून घ्यायची. एकदा पाड्यावर एका वडीलधाऱ्या माणसाने मला पावरीतच माझ्या गावाबद्दल सांगायला सांगितलं. मी सांगितलं: माझं गाव मोठं आहे. गावात नदी आहे. गावात शाळा आहे. मला गाव आवडतं. तिथेच थांबलो, कारण पुढे शब्दच नव्हते. माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं असं थोडंच आहे? पुरात वाहून गेलेली मळ्याची मोट, केळीच्या बागेत रात्री पाणी भरताना वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी, बैलपोळ्याची चढाओढ, सगळं मनात दाटून आलं होतं. ओठावर आली ती चार सपाट वाक्यं. मी पक्षी झालो तर आकाशात उडेन, या वाक्यांची ती सख्खी भावंडं होती. अनुभवविश्व तोकडं आहे हा मुलांवर मारलेला शिक्का त्या संध्याकाळी माझ्या मनातून कायमचा गळून पडला. ज्या भाषेत माणसाला मोजकी वाक्यंच येतात, त्या भाषेत त्याची कल्पनाही मोजक्याच वाक्यांची राहते. त्याला कितीही रंगीत कागद दिले तरी.

नर्मदेच्या काठावर हे कितीतरी आधी उमगलेली माणसं होती. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडीपासून जीवनशाळा उभ्या राहू लागल्या. सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी गावात पोहोचत नव्हते, म्हणून गावांनीच आपल्या शाळा काढल्या. काठावरचीच शिकलेली तरुण पोरं शिक्षक झाली, मुलांच्या भाषेत वाचनपुस्तकं तयार झाली. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा काही शाळा बुडाल्या. त्या वर सरकवून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. ‘लढाई-पढाई साथ-साथ’ ही तिथली घोषणा अनेकांनी ऐकली आहे. मला तिथलं लक्षात राहिलं ते वेगळंच. मुलं आपल्या झाडांची, माशांची, नदीच्या वळणांची माहिती स्वतःच्या भाषेत धडाधड सांगतात आणि त्याच दमात पाढेही खणखणीत म्हणतात. तिथे कोणी या दोहोंचं भांडण लावलेलं नाही. आपल्या भाषेत पाय रोवायचे, मग मराठीत जायचं आणि मराठीही कच्ची ठेवायची नाही. तिथून शिकून बाहेर गेलेल्यांपैकी काही जण शिक्षक होऊन त्याच शाळांत परत आले आहेत.

आता माझ्या वर्गात लिहिण्याचा तास असा चालतो. आधी मुलं पावरीत सांगतात, पोटभर. मग त्यातल्या वाक्यांना लागणारं मराठी आम्ही मिळून शोधतो. ती मराठी वाक्यं मुलं म्हणतात, फिरवतात, काळ बदलून, माणसं बदलून पुन्हा म्हणतात, तोंडात बसेपर्यंत. आणि मग लिहितात. एका मुलीने आजीवर लिहिलं. मक्याची कणसं सोलताना आजी काही कणसं बाजूला काढते. टोकापर्यंत भरलेली, ओळी सरळ असलेली. ती चुलीच्या वर धुरात टांगते म्हणजे कीड लागत नाही. भूक लागली तरी त्यातलं कणीस कोणी मागायचं नाही, कारण ते पुढच्या वर्षाचं शेत आहे. शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते त्या मुलीने घडवलं होतं आणि शुद्ध मराठीत घडवलं होतं.

याच तालुक्यात हरणखुरीला ‘बायफ’ या संस्थेच्या साथीने गावकऱ्यांनी बियाणे बँक उभी केली आहे. मका आणि ज्वारीचे या डोंगरातले वाण तिथे जपले जातात. मुलीची आजी करते ते काम किती मोलाचं आहे हे मुलांना कळावं म्हणून अशा जाणत्यांना मी वर्गात बोलावू लागलो. बाया येतात, कणीस हातात धरून दाखवतात आणि मुलांकडून निवडून घेतात. चुकीचं निवडलं की परत टोपलीत. इथेही तेच, ढोलवाल्यासारखंच.

यातल्याच एक आजी पुढे आमच्या शाळेत शिकायला आल्या. ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची पहिली परीक्षा महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण. आजींनी तयारीच्या दिवसांत मला स्पष्ट सांगितलं, ‘गुरुजी, गोष्टी नंतर सांगा. माझं नाव लिहायला आधी पक्कं करून द्या.’ आपलं नाव त्यांनी पाटीवर भरभरून लिहिलं आणि पुसलं. ज्या दिवशी ते न बघता आलं त्या दिवशी त्यांनी त्याच अक्षरांतून नातवाचं नाव जुळवून दाखवलं, न शिकवता. आयुष्यभर शिकणं म्हणजे काय, हे मला कुठल्या प्रशिक्षणापेक्षा या आजींकडून जास्त कळलं. ज्या वर्गात त्या सकाळी बियाण्याच्या गुरू होत्या, त्याच वर्गात संध्याकाळी अक्षरांच्या विद्यार्थिनी होत्या. दोन्ही वेळा त्यांचा मान तेवढाच होता.

माझं हे बोलणं ऐकून काही सहकारी अस्वस्थ होतात. इतक्या कष्टाने छडी गेली, घोकणं गेलं, तुम्ही पुन्हा ते दार उघडताय का, असं ते विचारतात. त्यांची भीती मला समजते, कारण ती माझीही होती. भीती दाखवून शिकवणं, अर्थ न सांगता पाठ करून घेणं, गाईडातली उत्तरं उतरवून घेणं याला माझा विरोध कालही होता, आजही आहे. पण सराव नाकारल्याने शहरातल्या मुलाचं फारसं बिघडत नाही. त्याचा सराव घरी आई करून घेते, शिकवणीत होतो, मराठी तर त्याच्या कानावर दिवसभर पडतच असते. तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या मुलाला तो फक्त शाळेत मिळू शकतो. शाळेनेही दिला नाही तर सर्जनशीलतेच्या नावाखाली आपण त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवतो. हे मला आता अन्यायाचं वाटतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेत शिकवावं. हे सातपुड्यात खरं करायचं तर इथे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला रुजू झाल्यावर इथली भाषा शिकायला वेळ मिळाला पाहिजे, आणि ती शिकवणाऱ्या इथल्या माणसांना तज्ज्ञ म्हणून मानधन मिळालं पाहिजे. मुलाला काय येतं हे तपासताना त्याच्या भाषेतलं तोंडी सांगणंही मोजलं पाहिजे. वर्गात ढोलवाल्याला, बियाणं निवडणाऱ्या आजीला जागा असली पाहिजे. आणि वेळापत्रकात रोज एक तास असा असला पाहिजे की ज्यात काहीही नवीन शिकवायचं नाही, शिकलेलं मुरवायचं. प्रशिक्षणात मला बोलायला सांगितलं तर आता मी एवढंच सांगतो: मुलाला जे येतं ते आधी तुम्ही शिका, त्याला जे यायला हवं ते त्याच्याकडून पक्कं करून घ्या, आणि मग नवं करायला त्याला मोकळं सोडा. तिन्ही गोष्टी लागतात, आणि याच क्रमाने लागतात.